तार

"म्हणजे फिनेल करायला शिकवतात का रे?" असं मावशीने विचारलं, त्या दिवसापासून प्रस्तुत लेखक तिला केमिकल इंजिनिअरिंग समजावून सांगतो आहे. सुरुवात माटुंग्याच्या यूडीसीटीपासून. १९३३ सालची संस्था. माशेलकर तिथलेच, मुकेश अंबानीही तिथलेच. ऐकणाऱ्याला वाटतं, हाही तिथलाच. अशा गैरसमजाला लेखक हात लावत नाही.

मग नोकऱ्या: खतं, रंग, औषधं, तेलशुद्धीकरण, रोहा, महाड, लोटे. "मग तुझ्या वर्गातली निम्मी पोरं कॉम्प्युटरवर का बसली?" या मावशीच्या प्रश्नावर तो घाईघाईने साखर कारखान्यात शिरतो.

तिथे त्याला आवरणं कठीण. उसाच्या रसात शंभरातले पंच्याऐंशी भाग पाणीच, ते आटवायला जळण किती लागेल! म्हणून चार बंद भांडी ओळीने. ताजी वाफ फक्त पहिल्याला. त्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला उकळवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी, म्हणून रस कमी उष्णतेवरही उकळतो. किलोभर वाफेत जवळपास चार किलो पाणी उडतं! ही युक्ती न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियूची, पेटंट १८४३चं. बाप गोरा, आई कृष्णवर्णीय. ज्या मळेवाल्यांचं जळण त्याने वाचवलं, त्यांच्या पंगतीत त्याला पाट नव्हता. इथे लेखकाचा आवाज चढतो आणि मावशी टीव्हीचा चढवते.

पुढचं तो तिला सांगत नाही. ट्रेनिंगच्या हंगामात पॅनवर उभा राहून तो पाकाची संपृक्तता आलेखावर काढत होता. शेजारच्या पॅनमनने थेंबभर पाक चिमटीत घेतला, बोटं फाकवली, तार उजेडात धरली. "साहेब, बी सोडतो." दाणा सुरेख धरला. साहेबांचा आलेख अजून अर्ध्यावर होता. लॉगबुकात सही मात्र साहेबांची झाली. पॅनमन हंगामी होता, त्याच्या नावाला त्या पानावर रकानाच नव्हता.

गेल्या दिवाळीत रव्याच्या लाडवांचा पाक करताना आईने दोन बोटं त्याच्यापुढे धरली. तिला आता नीट दिसत नाही. "बघ रे, आली का तार?"

लेखकाने चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि ऐटीत म्हणाला, "अजून पाच मिनिटं."

आईने आपला लाडू गुपचूप दुधात भिजत घातला. मावशीने खलबत्ता मागितला.