बिजागरीचा मान

होसकोटे हा कधीकाळी शहाजीराजांच्या जहागिरीतला मुलूख. आज तिथे व्होल्वोचे ट्रक तयार होतात. ट्रकच्या दाराची बिजागरी कुरकुरली तर तिला वंगण मिळते, ट्रक भंगारात जात नाही. जुन्या लॅपटॉपची बिजागरी गेली, की मात्र 'आता नवाच घ्या' हा आशीर्वाद! वास्तविक ती बिचारी बहुधा मोडलेलीच नसते. कालांतराने ती घट्ट होते, झाकण उघडताना सगळा जोर प्लॅस्टिकच्या खुंटीवर येतो आणि तिच्यात बसवलेला इवलासा पितळी नट उपटून येतो. पोलाद शाबूत, प्लॅस्टिक शहीद. बिजागरीचा ताण थोडा सैल करून नट इपॉक्सीने पुन्हा बसवला, तर यंत्र पुढे चालू शकते.

लोकांनाच पातळ, हलके यंत्र हवे, हे उत्तर ठरलेले. मान्य, पण जुन्या थिंकपॅडला भक्कम धातूच्या बिजागऱ्या होत्या आणि तो वाहून कोणाचा कणा मोडल्याचे ऐकिवात नाही. मजुरी परवडत नाही, हा आक्षेप जास्त वजनदार. जुन्या यंत्राच्या किमतीपुढे ती महागच दिसते; फक्त त्या हिशेबात नव्या लॅपटॉपची किंमत कोणी धरत नाही. केंद्राने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती बसवली. समिती बसली, झाकणे अजून आडवीच.