बॅकअप हाय ना, साहेब!

वऱ्हाडात दोन प्रश्नांना खरं उत्तर मिळत नाही. एक, 'जेवून आले का?' आणि दुसरा, 'बॅकअप आहे का?' दोन्हींचं उत्तर ठरलेलं: 'हो जी.' पहिल्यात उपाशी राहतो तो उत्तर देणारा. दुसऱ्यात अख्खा तालुका.

अमरावतीत एक कार्यालय आहे. नाव सांगणार नाही, माझा एक दाखला अजून तिथे अडकलाय. तिथला सर्व्हर मे महिन्यात बसला. 'सर्व्हर डाऊन आहे' हे आपण एरवीही ऐकतोच, त्यामुळे या वेळी ते खरं आहे, हे पहिले तीन दिवस कोणाच्या ध्यानातच आलं नाही. उन्हाळा लागताच सर्व्हरच्या खोलीतला एसी साहेबांच्या केबिनमध्ये गेला होता आणि सर्व्हरपुढे कूलर लागला होता. कूलर माणसाला छान. पण बाहेर पारा ४५ च्या पुढे आणि आत ओल्या वाळ्याची दमट हवा, यात डिस्कनं किती दिवस काढावे? एका दुपारी तिनं कट्-कट् केलं. शिपायाला वाटलं पाल चुकचुकली.

माझा भाचा अकोल्याला असतो. युनिक्सवर त्याचा भारी जीव. युनिक्स म्हणजे १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी जन्माला घातलेली प्रणाली. स्वभाव जुन्या हेडक्लार्कचा. सांगाल तेवढंच करणार, 'खरंच पुसू का?' असं विचारणार नाही, आणि काम नीट झालं तर एक अक्षर बोलणार नाही. साहेबांनी भाच्याला बोलावून घेतलं.

"बॅकअप हाय ना?" त्यानं दारातच विचारलं.

"हाय ना जी! रोज रात्री अकराले होते," म्हणत लिपिकानं फाइलच पुढे केली. चौदा महिन्यांचे ४२६ छापील अहवाल. प्रत्येकावर 'बॅकअप यशस्वी' आणि खाली साहेबांची सही.

आता कोरी डिस्क हवी. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाली आणि गिनेस बुकात नाव गेलं. त्याच रस्त्यानं भाचा आला होता. तळहाताएवढ्या डिस्कची तीन कोटेशनं यायला मात्र नऊ दिवस लागले. शिवाय जडवस्तू नोंदवहीचा पेच होताच. मेलेल्या डिस्कचं निर्लेखन झालेलं नाही, म्हणजे कागदोपत्री ती चालू. मग चालू डिस्क असताना नवी कशाला? डिस्क मेल्याचा पंचनामा करा, असंही एकानं सुचवलं. तो विनोद करत नव्हता.

शेवटी डिस्क आली. भाच्यानं पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं, कोऱ्या डिस्कचे भाग पाडले, त्यावर फाइलसिस्टिम घातली आणि बॅकअपची पेटी उघडली. शेवटचा धड बॅकअप निघाला चौदा महिन्यांपूर्वीचा.

त्यानं बॅकअपची स्क्रिप्ट उघडली आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, पाहा आता गंमत." युनिक्समध्ये 'डेव्ह-नल' नावाची एक जागा असते. तिथे काहीही टाका, नाहीसं होतं. ती जागा कधी भरत नाही. (आपल्याकडच्या तक्रारपेटीला निदान कुलूप तरी असतं.) बॅकअपची डिस्क चौदा महिन्यांपूर्वी तुडुंब भरली होती. फाइलींचं गाठोडं बांधणारा 'टार' हा प्रोग्राम रोज रात्री 'जागा संपली' म्हणून ओरडत होता. पण स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं सगळी ओरड डेव्ह-नलमध्ये सोडली होती आणि खालच्या ओळीत, काहीही होवो, 'यशस्वी' छापायचं सांगितलं होतं. स्क्रिप्ट लिहिणारा पोरगा पुढे कामाचा माणूस म्हणून बढतीवर गेला, यात मला नवल वाटलं नाही.

तरी जे होतं ते उतरवायला घेतलं. पहिल्या फेरीत फाइली आल्या, पण भलत्याच मालकांच्या नावे. डिस्कवर युनिक्स मालकाचं नाव लिहीत नाही, क्रमांक लिहिते. टारच्या गाठोड्यात दोन्ही असतात आणि तो भरवसा ठेवतो नावावर. पेन ड्राइव्हवरच्या प्रणालीत त्याच नावाचा क्रमांक वेगळा निघाला, की झाला घोळ. 'क्रमांक जसेच्या तसे ठेव' असं त्याला वेगळं बजावावं लागतं. फेरफार न होता मालक बदललेला पाहायची आपल्याला सवय आहे, पण इथे पुसून पुन्हा करता आलं, एवढा युनिक्सचा मोठेपणा.

दुसऱ्या फेरीत मशीन पेन ड्राइव्हच्या आधारानं सुरू होता होता थांबलं. 'एफएसटॅब' नावाच्या यादीत जुन्या डिस्कची ओळख लिहिलेली होती आणि मशीन त्या दिवंगत डिस्कची वाट पाहत बसलं. यादीत नवी ओळख भरली. तिसऱ्या फेरीत पेन ड्राइव्ह काढला, तर ते उठेचना. "बूटलोडर रायला," भाचा म्हणाला. साहेबांना कळेना, तेव्हा त्यानं सांगितलं ते मला फार आवडलं. "साहेब, मुंबई-हावडा लाइन अमरावतीत येत नाई, बदनेऱ्यावरून जाते. तुमी अमरावतीत राजवाडा बांधा. बदनेऱ्यात गाडीले वळण नसन तर पाहुना नागपूरले पोचते. बूटलोडर म्हनजे बदनेरा." साहेब मुंबईहून बदलून आलेले. रात्री तीनला बदनेऱ्यात उतरल्याची त्यांना आठवण होती. लगेच पटलं.

आपलंच हसं होतं असं कोणी समजू नये. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या जगभरच्या संगणकवाल्यांच्या लाडक्या कंपनीत एकानं चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, एकही धड निघाली नाही. कोणीतरी सहज काढून ठेवलेल्या सहा तास जुन्या प्रतीवर निभावलं. ते सहा तासांसाठी रडले, आमचं कार्यालय चौदा महिने हसत होतं.

खरं तर बॅकअप म्हणजे काय, हे याच जिल्ह्यानं सातशे वर्षांपूर्वी करून दाखवलंय. म्हाइंभटांनी रिद्धपुरात नागदेवाचार्यांना विचारून विचारून चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, तेच लीळाचरित्र. पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं परंपरा सांगते. तेव्हा शिष्यांनी आपापल्या पाठांतरातून ती पुन्हा उभी केली. प्रत्येकाचा पाठ थोडा वेगळा पडला आणि त्यावर अभ्यासकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय झाली, पण ग्रंथ वाचला. का वाचला? तर तो अनेक डोक्यांत होता आणि डोकी तो रोज म्हणून पाहत होती. आमच्या कार्यालयात ४२६ सह्या झाल्या, म्हणून एकदाही कोणी पाहिलं नाही.

असो. सर्व्हर उठला. चौदा महिन्यांपूर्वीच्या जगात उठला. त्यात आधीचे साहेब अजून खुर्चीवर होते. आताच्या साहेबांना तो आत घेईना. त्याच्या लेखी ते अजून बदलून आलेच नव्हते. दोन दिवस साहेब स्वतःच्याच कार्यालयाच्या दारात अर्जदारासारखे उभे राहिले. हा काळ फार लवकर संपला, असं माझं मत आहे.

उरलेल्या चौदा महिन्यांचं काय? दारावर सूचना लागली, 'या काळात अर्ज केलेल्या नागरिकांनी पावत्या आणाव्यात.' आणि लोक आले. पत्र्याच्या पेटीतून, गहू भरलेल्या कोठीमागून, देव्हाऱ्यातल्या पोथीतून पावत्या निघाल्या. २१ जून २०१२ ला मंत्रालय जळालं, तेव्हाही जळालेल्या फायली जुळवायला खालच्या कार्यालयांतल्या प्रतीच मागवाव्या लागल्या होत्या. सरकारचा बॅकअप सरकारकडे नसतो, तो अंजनगावच्या एखाद्या आजीच्या ट्रंकेत असतो. त्यासाठी तिनं कोटेशन मागवलेलं नसतं.

एसी अजून केबिनमध्येच आहे. तेव्हा ज्यांचे अर्ज त्या चौदा महिन्यांतले असतील त्यांनी जरूर जावं, सकाळी अकराच्या आत जावं, आणि झेरॉक्स द्यावी. मूळ पावती कोणी कितीही गोड बोलून मागितली तरी देऊ नये.