बोलायला जागाच ठेवली नाही हो!

अहो, ऐकलंत का? परवा भिशीला दुसऱ्या मजल्यावरच्या काकू काय म्हणाल्या ते? मुलीला स्थळ सांगून आलंय. मुलगा इंजिनिअर, स्वतःचा फ्लॅट, सगळं झ्याक. पण वडील पेटी वाजवतात आणि आत्या गाण्याचे क्लासेस घेते. झालं! काकू म्हणतात, "गाण्याबजावण्याच्या घरात मुलगी द्यायची म्हणजे..." आणि पुढे नुसतं नाक मुरडलं. मी म्हटलं, काकू, रोज सकाळी तुमच्याकडे मोबाइलवर हिराबाई बडोदेकर लागतात, त्या कुठल्या घरातल्या हो? चेहरा असा पडला म्हणताय! ढोकळ्याचा घास हातातल्या हातात.

नाही, पण खरंच, हिराबाईंच्या घराइतकं बोलण्यासारखं घर दुसरं नाही बघा. आपल्या आज्यांना सबंध उन्हाळ्याच्या पापड-कुरडयांना पुरला असेल हा विषय. हिराबाईंचे वडील म्हणजे मोठे गवई अब्दुल करीमखाँसाहेब. ते बडोद्याच्या दरबारात गायला आले. आणि तिथे सरदार मारुतीराव मान्यांची ताराबाई. सरदारांची लेक हो, राजघराण्याशी नातं असलेलं घर! खाँसाहेब तिला गाणं शिकवायला जायचे. आणि मग शिकवता शिकवता... आता पुढचं सांगायला का हवं? दोघांनी सरळ बडोदं सोडलं. अठराशे नव्वदच्या दशकातली गोष्ट ही. आजसुद्धा एखादी पोरगी पळून गेली तर सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही चालत नाही. तेव्हा त्या बडोद्यात काय झालं असेल!

आणि गंमत ऐका, खाँसाहेबांचं आधी एक लग्न झालेलं होतं. गफूरन नाव त्यांचं. वहीदखाँसाहेबांची बहीण. हे वहीदखाँ नाव जरा ध्यानात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

तर काय सांगत होते... हां, मिरज. दोघं मिरजेला स्थिरावली. पाच मुलं झाली. आपल्या हिराबाई १९०५च्या मे महिन्यातल्या, मिरजेच्याच. घरातलं नाव चंपाकली. किती गोड आहे ना? पुढे पुण्यात खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय काढलं, १९१३ साली. शिष्य घरातच राहायचे, तेव्हा एवढ्या सगळ्यांचं स्वयंपाकपाणी कोण बघत असेल ते मला विचारू नका, तुम्ही-आम्ही बायकाच आहोत. खाँसाहेब आपले गाण्यात बुडालेले. अहो, टिपूमियाँ म्हणून कुत्रा होता, त्याला सुरात ओरडायला शिकवलं होतं त्यांनी! माझ्या ह्यांना मी कधीची म्हणतेय, तुम्ही निदान सुरात घोरा.

असो. १९२२ साली ताराबाई निघाल्या. हो, मुलांना घेऊन. ज्या माणसासाठी वाडा सोडला, त्यालाच सोडलं. पुढे खाँसाहेबांनी शिष्या बानूबाई लाटकरांशी संसार मांडला. लोक अजून खाँसाहेबांच्याच कहाण्या रंगवून सांगतात. त्या गळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही हो, झिंझोटीतली ती त्यांची ठुमरी ऐकली की हातातलं काम थांबतंच. पण मला विचाराल तर खरी बाई ताराबाई. माहेर तुटलेलं, नवऱ्याचं घर सुटलेलं, पदरात पाच पोरं. आणि पहिलं काय केलं? पोरांची नावंच फिरवली! अब्दुल रहमानचे झाले सुरेशबाबू माने. गुलाबची झाली कमला. सकीनाची झाली सरस्वती, म्हणजे पुढच्या सरस्वतीबाई राणे, घरातल्या छोटूताई. आणि चंपाकलीची हिरा. एकाच्याही नावापुढे बापाचं नाव नाही. आडनावं बघा की, माने, बडोदेकर. बडोदं सोडलं म्हणतात ना? मग हे काय!

एवढ्यावर थांबल्या नाहीत. नवऱ्याचं आर्य संगीत विद्यालय, तर यांनी नूतन संगीत विद्यालय काढलं. 'नूतन'! मला तर आपलं हसूच येतं. त्याला जोडून नूतन संगीत नाटक मंडळी. 'सौभद्र' लावलं आणि बायकांच्या भूमिकांत खऱ्या बायका. बालगंधर्व शालू नेसून आले की बायकांनी घरी जाऊन त्यांच्यासारखा पदर घ्यायचा, त्या काळात हं हे! भाऊ-बहिणी एकाच नाटकात, म्हणून किती जणांनी किती नाकं मुरडली असतील. पुढे बोलपटांनी नाटक कंपन्यांचा धंदा बसवला, यांचीही मंडळी मोडली, आणि कर्ज? ते हिराबाईंनी गाऊन फेडलं. सुरेशबाबू 'अमृतमंथन'मध्ये चमकले खरे, पण त्यांचा जीव शिकवण्यातच. आपल्या प्रभाताई अत्रे आधी त्यांच्याच शिष्या. ते १९५३ला गेले, मग हिराबाईंनी प्रभाताईंना पुढे नेलं.

आता वहीदखाँ. ठेवलंत ना ध्यानात? हिराबाईंना ख्याल शिकवला तो या वहीदखाँसाहेबांनी! ज्यांच्या बहिणीला टाकून खाँसाहेब निघून आले होते, तेच. त्यांच्याच पुढ्यात दुसरीची लेक तंबोरा घेऊन बसली, आणि त्यांनीही हात राखून दिलं नाही. कानाने कमी ऐकू यायचं, लोक 'बहिरे वहीदखाँ' म्हणायचे, पण एकेक सुराला किती वेळ द्यायचा हे त्यांच्याकडून शिकावं. तुमच्या-माझ्याकडे नणंदेच्या दिराचा साधा रुसवा बारा-बारा वर्षं जात नाही हो!

तर काय सांगत होते... जलसा! आधी बाई गायची ती कुणाच्या तरी दिवाणखान्यात, हावभाव करून, हात नाचवून, समोर चार शौकीन. हिराबाईंनी थिएटरात तिकीट लावून जाहीर जलसे करायची वाट पाडली. आमच्या सासूबाई एकदा ऐकायला गेल्या होत्या पुण्यात. ऐकायला कसल्या, बघायलाच गेल्या होत्या, चार मैत्रिणी मिळून! पातळ कुठलं, दागिने किती, डोळे कसे फिरवते. आणि समोर काय? साधंसं पातळ, दोन्ही खांद्यांवरून पदर, मांडी घालून ताठ बसलेल्या, हात नाही, मान नाही, डोळा नाही. नुसता स्वच्छ आकार. सासूबाई म्हणायच्या, "अगं, आमच्या थोरल्या जाऊबाईच बसल्यात असं वाटलं!" येताना टांग्यात चौघी गप्प. बोलणार काय? एवढ्या भानगडींच्या घरातली बाई आणि बोलायला तसूभर जागा ठेवली नाही तिने. सासूबाईंना हे शेवटपर्यंत लागून राहिलं होतं हो, मला खात्री आहे.

आणि एकट्या नाहीत, धाकटीला, सरस्वतीबाईंना घेऊन दोघींची जुगलबंदी करायच्या. सरस्वतीबाई म्हणजे त्या 'रामराज्य' सिनेमातलं वीणेचं गाणं गाणाऱ्या, १९४३चा तो. दोन बहिणी एका मंचावर आणि एकीने दुसरीला खाली पाडायचं नाही... आमच्या माहेरी दोन बहिणी एका स्वयंपाकघरात मावत नाहीत. आणि मग मान म्हणाल तर १५ ऑगस्ट १९४७ला 'वंदे मातरम्' गायला दिल्लीला बोलावणं, संगीत नाटक अकादमीचं अवॉर्ड, १९७०ला पद्मभूषण. पोरीबाळी घरोघरी गाणं शिकायला लागल्या. त्याच भिशीतल्या काकूंची मोठी मुलगी विशारद आहे, बरं का! फोटो लावलाय हॉलमध्ये.

बापाचं काय झालं म्हणता? १९३७ला खाँसाहेब मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत त्रास व्हायला लागला म्हणून एका छोट्या स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. माती मिरजेला आणली, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. तिथे उरुसात त्यांच्या नावाने गाण्याची सभा भरते, अजूनही. मोठमोठे गवई येऊन हजेरी लावतात. आणि हिराबाई? ज्या बापाचं नाव आईने पाचही पोरांवरून पुसलं, त्याच्या कबरीपाशी ही लेक जाऊन गायची. मिरजेच्या बायका असतीलच की मागे बसलेल्या, पदर तोंडाला लावून. आता तिथे तरी काही कुजबुजल्या असतील का हो? ... असतील म्हणा! आपण नसतो का कुजबुजलो?