बहुउद्देशीय रान

संगमेश्वर तालुक्यात आमचं सामाईक रान आहे. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल असं खासगीच. आमच्या सातबाऱ्यावर तर इतकी नावं की वाटणीला झाडं कमी पडावीत. काही वर्षांनी लाकडाचा ठेकेदार येतो, ऐन-किंजळ उभेच मोजतो, एकरकमी भाव बोलतो आणि डोंगर बोडका होतो.

यंदा तो आला तेव्हा मी पुण्याहून गेलो होतो. एका चर्चासत्राचा अंमल अजून उतरायचा होता. "लाकूड हा जंगलाचा सर्वांत क्षुल्लक उपयोग आहे," मी त्याला सुनावलं.

ओटीवर सुपारी कातरता कातरता तात्याकाका म्हणाले, "ते जरा चुलीला सांग."

आरंभ रातांब्यांपासून केला. रानातली झाडं मोजली. आमसुलं, आगळ, बियांचं तेल असा गुणाकार करून लॅपटॉपवर झकास तक्ता मांडला. काकूंनी तो लांबूनच पाहिला. "यातले नर किती धरलेस?"

रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी. बियांपासून उगवलेल्यांत साधारण निम्मी नर निघतात आणि त्यांना फळ धरत नाही. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे होती, ही माहिती काकूंकडे. उरलेल्या निम्म्यांपैकी वरचा माल वानरांनी नेला. खालचा आम्ही फोडून अंगणात वाळत घातला, त्यावर वळवाचा पाऊस पडला.

मग मधाची पेटी. सातेरी माश्यांनी ती थोडे दिवस वापरून पाहिली आणि न सांगता सोडली. मुंगळ्यांना मात्र जागा पसंत पडली.

शेवटची मदार बेहड्यावर. ओढ्याकाठी एक जुनाट बेहडा आहे. त्याचं लाकूड खोक्यांपलीकडे फारसं जात नाही, म्हणून आजवर वाचलेला. त्याची फळं त्रिफळ्यात जातात आणि ढोलीत धनेश घरटं करतो. मादी स्वतःला आत लिंपून घेते, फटीतून चोच तेवढी बाहेर, आणि नर महिनोन्‌महिने फळं आणून भरवतो. अशा संसाराचे फोटो काढायला लोक पैसे मोजतात, हे मी ऐकून होतो. बेहड्यावर भूत असतं, हे तात्यांनी आदल्याच रात्री ऐकवलं होतं.

पहाटे एकटाच झाडाखाली बसलो. डोक्यावरून अचानक भस्‌भस्‌ असा प्रचंड आवाज आला. धनेशाच्या पंखांचा आवाज फार लांबवर ऐकू येतो हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण ते आठवलं करवंदीच्या जाळीत पोचल्यावर. सदरा तिथेच राहिला.

फोटोवाले आले. त्यांच्यासाठी मी निळ्या ताडपत्रीचा अडोसा बांधला होता. तो बघून नर समोरच्या डोंगरावर जाऊन बसला आणि आत कोंडलेल्या बायकोची उपासमार नको म्हणून त्या भल्या माणसांनीच ताडपत्री सोडून मला घरी पिटाळलं. जेवायला मात्र ते थांबले. भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. पैसे त्यांनी काकूंच्या हातात दिले, काकूंनी कनवटीला लावले.

बोरिवलीच्या चुलतभावाला हे कुठून कळलं देव जाणे. संध्याकाळीच फोन. "पक्षी सामाईकातला आहे ना रे? मग माझ्या हिश्शाचं काय?"

"काकूंशी बोल," म्हणालो आणि फोन आत नेऊन दिला.

तो अजून बोरिवलीतच आहे. हिश्शाचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.