अण्णांची गाडी आज निघणार होती

आमच्या मजल्यावरचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन घरी आले. घड्याळ त्यांनी त्याच रात्री उघडलं. पुढचं सगळं आम्ही तेव्हाच ओळखायला हवं होतं.

महिन्याभरात खोकं आलं. आत रिमोटवर पळणारी, मातीत उड्या मारणारी बग्गी, खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची, पण सुटी. तिला 'खेळणं' म्हटलेलं अण्णांना खपत नाही. "खेळणं तयार मिळतं. हे किट आहे." १९८४ साली जपानच्या टामियाने हॉर्नेट आणि ग्रासहॉपर बाजारात आणल्या, त्याच वर्षी अमेरिकेत असोसिएटेडची आरसी-टेन आली. अण्णा तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि गल्फमधून आलेल्या मावसभावाच्या बॅगेतलं एक मासिक त्यांनी पाहिलं होतं. "तेव्हाची वासना आहे ही," ते म्हणाले. "नसती घेतली तर पिंडाला कावळा शिवला नसता."

जाणता माणूस अशी गाडी दोन-तीन संध्याकाळी जोडतो. अण्णांना अडीच महिने लागले. पहिला आठवडा स्क्रूड्रायव्हरमध्ये गेला. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली आपल्याकडच्या फुलीहून जराशी वेगळी असते. आपला स्क्रूड्रायव्हर लावला की तो निसटतो आणि फुली झिजते. अण्णांनी हे मला दारात उभं करून, दोन स्क्रू झिजवून दाखवलं. मग किटातली प्लास्टिकची बुशिंगं काढून बॉल बेअरिंगं बसवली आणि चाकाला टिचकी मारून म्हणाले, "बघा आता." बघत बसलो. चहा गार झाला, चाक फिरतंच होतं.

शॉक अॅब्सॉर्बरमध्ये घालायचं सिलिकॉन तेल हा स्वतंत्र अध्याय. तेल भरून दांडा हळूहळू वरखाली करायचा, बुडबुडे वर येऊ द्यायचे, मग उभं ठेवून थांबायचं. चार शॉक चार वाट्यांत ओट्यावर उभे. कामाची बाई विचारते, "वहिनी, हे भरताचं हाय का?" उन्हाळ्यात तेल पातळ होतं म्हणून घट्ट घालायचं, थंडीत उलट. पुण्यात सकाळी थंडी आणि दुपारी ऊन असेल तर काय करायचं, यावर अण्णा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

पण खरी मजा मोटरनंतर सुरू झाली. किटातली मोटर अण्णांना 'पंख्याची' वाटली म्हणून ब्रशलेस मोटर आली. गच्चीवर एकदाच चाप ओढला. गाडी जागच्या जागी किंचाळली, गिअरचे दात गेले. मग स्टीलचे गिअर. दात टिकले, पण सगळा जोर पुढे चाकाच्या दांड्यांवर गेला, त्या वाकल्या. त्या दांड्यांना डॉगबोन म्हणतात, हे तेव्हा आख्ख्या सोसायटीला कळलं. त्या बदलल्या, तर डिफरन्शियल सुटलं. म्हणजे एक भाग धडधाकट केला की मोडण्याची पाळी शेजारच्यावर यायची. खात्यात अण्णांनी धरणाच्या कालव्यांवर तीस वर्षं काढली होती. गळती बुजवली की ती पुढच्या सांध्याला निघते, हे त्यांना मी सांगायला नको होतं. सांगितलं. चार दिवस बोलले नाहीत.

मोटरीला जोर हवा म्हणून लिथियम बॅटरी आली, बॅटरीला चार्जर आला, आणि आगीचं भय नको म्हणून बॅटरी तुळशीच्या जुन्या कुंडीत ठेवून चार्ज होऊ लागली. वापरायची नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवायचा असतो. अण्णांच्या बॅटऱ्या कायम ३.८ व्होल्टवरच असतात.

एक वही आहे. तिच्यात गाडीची जन्मपत्रिका मांडलेली: कँबर वजा एक अंश, मागच्या चाकांचा टो आत तीन अंश, जमिनीपासून उंची बावीस मिलिमीटर, पिनियनचे दात किती. पिनियन आणि स्पर या दोन गिअरांमध्ये फट किती ठेवायची ते पाहायला मध्ये कागदाचा कपटा फिरवतात. अण्णा त्यासाठी रविवारची पुरवणी वापरतात, तिचा कागद त्यांच्या मते 'एकसारखा' आहे. गाडी एकदाही मैदानात न जाता वहीत तिच्या चार सुधारलेल्या आवृत्त्या झाल्या.

निघणार मात्र ती दर रविवारी. एकदा माती ओली होती. अशा मातीत टायरला काटे मोठे हवेत. एकदा माती कोरडी होती. काटे बारीक हवेत. एका रविवारी माती अगदी हवी तशी होती, तेव्हा अण्णा तापकीर गल्लीत कनेक्टर आणायला गेले होते.

मे महिन्यात नाशिकहून नात आली. बदललेला प्रत्येक भाग अण्णांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता. बुशिंगं, पंख्याची मोटर, प्लास्टिकचे गिअर, जुना रिमोट, जुनी बॅटरी. चॅसीसुद्धा, कारण तीही मधल्या काळात बदलली होती. नातीने डबा गालिच्यावर उपडा केला आणि किटातलं चित्रांचं पुस्तक मांडीवर घेतलं. वहिनी शेजारी बसल्या. चार स्क्रू कमी पडले, ते मोडक्या मिक्सरचे लावले. तिसऱ्या संध्याकाळी गाडी तयार झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी दोघी ती टेकडीखालच्या मोकळ्या जागेत घेऊन गेल्या.

मी पाहायला गेलो होतो. गाडी धुळीचा लोट उडवत गेली, ढेकळावरून उडाली, उलटी पडली. नातीने सरळ केली, पुन्हा गेली. चाकं किरकिर करत होती. अण्णा हात मागे बांधून पाऊण तास उभे होते. एक शब्द नाही.

परत येताना जिन्यात म्हणाले, "मागचं डावं चाक हलतंय. आज ठेवून जाऊ दे माझ्याकडे. बुशिंगं तेवढी बदलतो."