तीन राजे निघाले, पाच पोचले

मोठमोठे गायक पिकायला लागले की नाताळच्या गाण्यांचा अल्बम काढतात, हा पश्चिमेकडचा जुना रिवाज. सगळ्यांना पाठ असलेल्या चाली, मागे घंटा, पुढे बालगोपाळांचा कोरस. काम कमी, खप खात्रीचा. 2003 साली जेथ्रो टल या इंग्लिश बँडनं असा अल्बम काढला, तेव्हा त्याच्या म्होरक्याचीही पन्नाशी उलटली होती.

बँडचं नाव अठराव्या शतकातल्या एका शेतीतज्ज्ञाचं. घोड्यानं ओढायचं पेरणीयंत्र त्यानं बनवलं होतं. (आपली पाभर त्याच्या कितीतरी आधीपासून शेतात चालत होती, पण पाभरीच्या नावाचा बँड काही निघाला नाही.) म्होरक्या इयन अँडरसन, जन्म 10 ऑगस्ट 1947, म्हणजे स्वतंत्र भारतापेक्षा पाच दिवसांनी थोरला. एका पायावर उभं राहून बासरी वाजवणं ही त्याची ओळख. आपला श्रीकृष्ण निदान दुसऱ्या पायाचा अंगठा तरी टेकवतो. याचा पाय हवेतच. या बासरीवाल्यांना 1989 साली मेटॅलिका या मेटल बँडला मागे टाकून हार्ड रॉक-मेटलचं ग्रॅमी मिळालं होतं. मेटलवाले ते अजून विसरलेले नाहीत.

असा माणूस घंटा आणि कोरसावर भागवणार नाहीच. ‘वुई थ्री किंग्ज’ हे 1857 सालचं अमेरिकन गाणं तीनच्या ठेक्यात डुलत जातं. यानं ते पाच मात्रांत बसवलं आणि नाव ठेवलं ‘वुई फाइव्ह किंग्ज’. गाण्यातले राजे म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी. ते किती, हे बायबलात मुळात दिलेलंच नाही. भेटवस्तू तीन म्हणून माणसं तीन, हा हिशेब नंतरच्यांचा. तेव्हा दोन वाढले म्हणून शास्त्राला बाध येत नाही. पंचाईत होते ती आपल्या मानेची. ती जुन्या सवयीनं डोलायला जाते आणि समेवर येईपर्यंत राजे पुढे निघून गेलेले असतात.

मग अल्बममध्ये संगीतकार बाखची ‘बूरे’ येते, फोरेची ‘पावान’ येते. दोन्ही नाचाच्या चाली, नाताळशी नातं काही नाही. ‘बूरे’ तर हे लोक 1969 पासून वाजवताहेत. आणि ‘अ ख्रिसमस साँग’ 1968 चं. एकविसाव्या वर्षी अँडरसननं त्यात सणाच्या नावाखाली ढोसणाऱ्यांना दटावलं होतं. छप्पन्नाव्या वर्षी तेच पुन्हा रेकॉर्ड केलं. मधल्या काळात पिणारे सुधारले नाहीत हे उघड आहे. दटावणारा मात्र मुरला.

शिळंच वाढलं, असं कोणी म्हणेल. पण पोळ्या उरल्या म्हणून केलेली फोडणीची पोळी वेगळी, आणि सकाळी फोडणीची पोळी हवी म्हणून रात्री मुद्दाम चार जास्त लाटणं वेगळं. हा अल्बम दुसऱ्या जातीचा. सणाला नवी गाणी कोणाला हवी असतात? ओळखीचंच हवं असतं, फक्त ते वाजवणाऱ्यानं झोपेत वाजवू नये.

अँडरसन स्वतःला ख्रिस्ती म्हणवत नाही. तरी डिसेंबरात तो इंग्लंडमधल्या जुन्या कॅथेड्रलांत ही गाणी वाजवतो, आणि जमलेला पैसा त्या इमारतींच्या देखभालीसाठी देतो.