आधी नव्हतं हे

टायरचं काम करून गाडी घरी आणताना कुणी गाणी लावत नाही. काचा वर, एसी बंद, शेजारच्याला गप्प राहायची खूण, आणि कान स्टेअरिंगखाली कुठेतरी. काम तरी काय झालेलं असतं? रोटेशन, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि चारी चाकांत हवा. म्हणजे दुकानात नेली तेव्हा गाडीला काहीही झालेलं नव्हतं. १०,००० किलोमीटर झाले, पुस्तकात लिहिलंय, म्हणून नेली. आणि आता पहिल्या सिग्नलच्या आतच तिला कंठ फुटतो.

"ऐकलंस?"

"काय?"

"टक टक."

"ते नेहमीच होतं."

"छे. आधी नव्हतं हे."

टायरवाल्यांची अर्धी दुपार या वाक्यात जाते. मालक म्हणतो, आधी नव्हतं. दुकानदार म्हणतो, आधीचंच आहे साहेब. दोघंही मनापासून बोलतात आणि पुरावा दोघांकडेही नसतो, कारण काम होण्याआधी गाडी कान देऊन ऐकलेली असते कुणी? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते हे आपण शाळेत शिकलो. पण फांदी आपल्या कर्जाच्या हप्त्यांची असली की संशय कावळ्यावरच जातो. त्यातून गाडीच्या बाबतीत कावळा कधीकधी चांगलाच वजनदार निघतो, ही खरी पंचाईत.

नट आवळायची ती हवेची बंदूक बघा. पोऱ्या एका नटाला लावतो, घर्रर्र, लगेच शेजारच्याला, घर्रर्र, पुढचं चाक. खरं तर नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळायचे असतात आणि शेवटचा जोर मोजून द्यायचा असतो. छोट्या गाड्यांना साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आगेमागे. तो मोजणारा टॉर्क पाना दुकानात असतोही. भिंतीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी, एकही डाग न पडलेला. नट वेडेवाकडे, गरजेपेक्षा जास्त आवळले गेले तर ब्रेकची डिस्क किंचित वाकू शकते, आणि मग ब्रेक दाबला की पायाखाली धडधडतं. शिवाय भर पावसात वरंधा घाटात पंक्चर झालं की पान्यावर उभं राहून उड्या मारल्या तरी नट हलत नाही, तो आनंद वेगळाच. सैल राहिले तर त्याहून वाईट. म्हणून पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या असं सांगतात. आपण माना डोलावतो आणि विसरतो.

स्टेअरिंगची थरथर ही त्याहून लबाड. बॅलन्सिंग करताना रिमला ठोकलेलं एखादं वजन निसटलं, किंवा रिमच्या आत चिखल वाळून बसला, तर गावात काही कळतच नाही. मी एकदा कागदावर हिशेब मांडून पाहिला. छोट्या गाडीच्या रिमवर १० ग्रॅमचा फरक असला तर १०० च्या वेगाला तो दीड किलोच्या जोराने चाक ओढतो, आणि तेही सेकंदाला चौदा-पंधरा वेळा. तोच ५० च्या वेगाला एक चतुर्थांश. आता पुण्यात ८०-१०० चा वेग गाठायचा कुठे? सिंहगड रस्त्यावर तो पहाटे तीनला जमला तर जमला. म्हणजे मोफत बॅलन्सिंग नीट झालंय की नाही हे बघायला एक्स्प्रेसवेचा टोल भरायचा. तिथे गेल्यावर मात्र निदान सोपं आहे: थरथर हाताला लागली तर बहुधा पुढचं चाक, बुडाला लागली तर मागचं.

आणि रोटेशन! वर्षभर मागच्या चाकावर एक टायर खाचा पडत झिजत असतो, घुर्रर करत असतो. मागे मुलं बसतात, त्यांच्या भांडणात तो कुणाला ऐकू जाणार? रोटेशनमध्ये तोच टायर पुढे येतो, थेट आपल्या पायांपाशी. आवाज जुनाच, पत्ता नवा. इथे दुकानदार अक्षरशः खरं बोलत असतो आणि तरीही त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. सोसायटीतले काका पार्किंगमध्ये एकच कान लावून सांगतात, "बेअरिंग गेलं." काकांच्या मते सगळ्यांचंच बेअरिंग गेलेलं असतं. त्यांना खोडून काढायचा उपाय आहे. मोकळ्या रस्त्यावर एका वेगात गाडी हलकेच डावीकडे, मग उजवीकडे झुलवायची. वजन एका बाजूला गेलं की घुर्रर वाढली आणि दुसरीकडे गेलं की कमी झाली, तर काका बरोबर. काही फरक पडला नाही तर बहुधा टायर.

अलाइनमेंटचा कागद मिळतो तो मला लग्नाच्या पत्रिकेसारखा वाटतो. आधीचे आकडे लाल, नंतरचे हिरवे, अंश-कला सगळं जुळलेलं. आणि गाडी दुकानाबाहेर पडल्या पडल्या डावीकडे ओढते. थोडं ओढणं रस्त्याचंच असतं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता करतात, आणि आपण डावीकडून चालवतो. पण जास्तच ओढत असेल तर एक चाचणी आहे, मला ती फार देखणी वाटते. पुढचे दोन टायर आपसांत बदलायचे. ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरचा. तो बनतानाच एका अंगाला किंचित निमुळता झालेला असतो. ओढ डावीकडेच राहिली तर टायर निर्दोष, आता अलाइनमेंट आणि ब्रेककडे वळा. (टायरच्या कुशीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र हे करू नये.) कुणावर आरोप नाही, आवाज चढवणं नाही, फक्त जॅक आणि पाना.

साध्या हवेऐवजी टायरमध्ये भरतात त्या नायट्रोजनबद्दल काय बोलावं? साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. उरलेल्या बावीस टक्क्यांचे पैसे देऊन आपण समाधानाने बाहेर पडतो, आणि त्याबद्दल मात्र कुणाला कसला आवाज येत नाही.

माझं मत विचाराल तर तपास शेवटी ज्या गोष्टीला हात लागला तिथूनच सुरू करावा, पण दुकानदाराच्या हेतूपासून नाही, तर फुकटात बघता येईल त्या गोष्टीपासून. व्हीलकव्हर नीट बसलंय का, टायरच्या खाचेत खडा अडकलाय का, हवा चारी चाकांत सांगितली तेवढीच आहे का. बरीचशी टकटक इथेच संपते. मग नट, मग बॅलन्सिंग. काकांचं बेअरिंग सगळ्यात शेवटी.

माझा एक मित्र याच्याही पुढचा. इंजिनिअर आहे. यंदा गाडी कामाला द्यायच्या आदल्या दिवशी त्याने आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवला, आणि काम झाल्यावर त्याच वेगाला दुसरं रेकॉर्डिंग केलं. फरक स्पष्ट होता. दोन्ही घेऊन तो दुकानात गेला. मालकाने हातातला चहा खाली ठेवला, फोन कानाला लावला, दोन्ही रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकली, पहिलं पुन्हा ऐकलं.

"साहेब, हे कुठल्या रस्त्यावर केलं?"

"आमच्या घराजवळच्या."

"आणि हे दुसरं?"

"तुमच्या इथून निघाल्यावर, हायवेला लागताना."

"तो डांबरी आहे," मालक म्हणाला, "आणि हा काँक्रीटचा."